बिल काढण्याआधी व्हीलचेअरची एक फेरी मारा

३ डिसेंबर जवळ आला की आमच्या ऑफिसात ठरलेले फोटो यायला लागतात. मागे भलामोठा बॅनर, स्टेजवर नेतेमंडळी, आणि पुढे ओळीने लावलेल्या कोऱ्या व्हीलचेअर नि तीनचाकी सायकली. खाली फोटोओळ ठरलेली : 'जागतिक दिव्यांग दिनानिमित्त गरजूंना साहित्य वाटप'. डिप्लोमा करून या धंद्यात आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठलाही पक्ष, कुठलीही संस्था, ओळ तीच.

दोन वर्षांपूर्वी असाच एक फोटो छापून आला आणि दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. "साहेब, फोटोत डावीकडून तिसरा मी. फोटो झकास आलाय. पण एक गोष्ट पण छापाल का? ती सायकल आमच्या जिन्याखाली साखळीने बांधून ठेवलीय. बिल्डिंगला पाच पायऱ्या आहेत. सायकल उतरवायला दोन माणसं लागतात, चढवायला तीन. सकाळी सगळे लोकल पकडायला पळतात, माणसं आणू कुठून?"

मी बघायला गेलो. डोंबिवलीतल्या शेकडो बिल्डिंगसारखीच एक. तीन मजली, लिफ्ट नाही, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं उंच घेतलेलं. हे काका तळमजल्यावरच राहतात. म्हणजे घर आणि रस्ता यांच्यात फक्त पाच पायऱ्या. आधी स्टेशनजवळ घड्याळदुरुस्तीचं टेबल लावायचे. पायातली ताकद गेली आणि टेबल बंद झालं. आता ओळखीतलं कुणी घड्याळ घरी आणून दिलं तर तेवढंच काम. हात अजून एकदम स्थिर आहेत हो. मी बसलो होतो तेवढ्या वेळात त्यांनी एक घड्याळ उघडून, साफ करून, चालू करून दिलं. माणसाचा धंदा गेला तो हातामुळे गेला नाही. पाच पायऱ्यांमुळे गेला.

त्या दिवसापासून मी बॅगेत मोजपट्टी ठेवतो. पाच मीटरची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती. आणि गेली दोन वर्षं जिथे जाईन तिथे मोजत सुटलोय. आज जे लिहितोय ते त्या मोजपट्टीतून आलेलं आहे.

सुरुवात रॅम्पपासून करू. नियम साधा आहे, १:१२. म्हणजे एक फूट उंची चढायची तर उतार बारा फूट लांब हवा. काकांच्या पाच पायऱ्या प्रत्येकी सहा इंचांच्या, एकूण तीस इंच. म्हणजे रॅम्प लागेल तीस फुटांचा, आणि मध्ये दम खायला सपाट जागा वेगळी. आता आपल्या आजूबाजूला जे 'रॅम्प' आहेत ते आठवून बघा. मी एका ठिकाणी मोजला (नाव घेत नाही, कारण असे डझनभर आहेत) : उंची दोन फूट, लांबी पाच फूट. वर गुळगुळीत लादी. कठडा नाही. त्याला घसरगुंडी म्हणतात, रॅम्प नाही. व्हीलचेअर त्यावर चढत नाही आणि उतरताना थांबत नाही. पण कागदावर लिहिलेलं असणार, 'रॅम्पची सुविधा उपलब्ध'.

हे असं का होतं? कुणाचा दुष्टपणा असतो असं मला वाटत नाही. रॅम्प शेवटी आठवतो म्हणून होतं. इमारत उभी राहिली, रंग झाला, उद्घाटनाची तारीख ठरली, मग कुणीतरी म्हणतं, "अरे, अपंगांचं काय ते राहिलं." मग उरलेल्या पाच फुटांत सिमेंट ओतायचं. तीस फुटांची जागा नकाशावर असतानाच सोडावी लागते. नंतर ती सापडत नाही.

आणि इथेच कायदा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे दिव्यांगांचा विषय निघाला की लोक लगेच 'सहानुभूती', 'माणुसकी' असे शब्द काढतात. कायदा माणुसकीबद्दल बोलत नाही, तो सहीबद्दल बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याचं कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीच्या आराखड्याला परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही आणि ताबाही घेता येणार नाही. कलम ४५ सांगतं की जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करा. नियम आले १५ जून २०१७ ला. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. शिवाय आपल्या राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीलाही लागू आहे. तिच्यातही अडथळाविरहित प्रवेशाची स्वतंत्र तरतूद आहे.

मग अडलं कुठे? नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातली एक गाठ दाखवून दिली. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने २००५ मध्ये केलेली ही केस. कोर्ट म्हणालं की कायदा 'केलंच पाहिजे' म्हणतो, पण त्याखालच्या नियम १५ ने ज्या मार्गदर्शक सूचनांवर बोट ठेवलंय, त्यांची भाषा 'करावं, केल्यास बरं' अशी आहे. सल्ला आणि सक्ती यांची सरमिसळ झाली आहे. म्हणून नियम १५ चा तो भाग कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे किमान नियम करायला सांगितलं. ही याचिका झाली तेव्हा जन्मलेली पोरं निकालापर्यंत कॉलेजात गेली. असो.

आता घरातून रस्त्यावर येऊ.

माझे एक मित्र आहेत, पूर्ण दृष्टिहीन. बँकेतून निवृत्त झाले. पांढरी काठी घेऊन एकटे फिरतात, कुणी हात धरला तर त्यांना आवडत नाही. त्यांना म्हटलं, एक दिवस तुमच्याबरोबर घर ते स्टेशन चालतो, मध्ये बोलणार नाही, फक्त लिहून घेतो. रस्ता साधारण सव्वा किलोमीटरचा. मी लिहून घेतलेलं इथे देतो : फूटपाथवर चढवलेल्या दुचाकी ठिकठिकाणी. विजेचे डीपी बॉक्स चार, पैकी दोन फूटपाथच्या बरोब्बर मध्यावर. गटाराची झाकणं खचलेली तीन, एक नाहीच. दुकानाचा माल बाहेर मांडलेला, मोजणं सोडून दिलं. त्यांच्या कपाळाच्या उंचीवर दुकानाच्या पत्र्याची कड एक. ही काठीला कळत नाही, थेट डोक्याला कळते. शेवटी ते फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरले आणि रिक्षांच्या बाजूने चालू लागले. मी न राहवून म्हटलं, "काका, इकडे गाड्या आहेत." ते हसून म्हणाले, "अरे, गाडी हॉर्न तरी देते. डीपी बॉक्स देतो का?"

वाटेत एका नव्या पट्ट्यावर पिवळ्या खडबडीत लाद्या होत्या. या लाद्या बऱ्याच जणांना शोभेच्या वाटतात, म्हणून सांगतो. लांब रेघा असलेली लादी म्हणजे 'सरळ चला'. ठिपके असलेली म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे', जिना, वळण किंवा रस्ता. पायाला आणि काठीला वाचता येईल अशी ती लिपी आहे. या पट्ट्यावर रेघांची लादी सरळ एका दिव्याच्या खांबाकडे जाऊन संपत होती. म्हणजे लादी सांगतेय 'बिनधास्त चला' आणि पुढे लोखंड. पुढच्या तुकड्याचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमाला विचारलं, भाऊ, या ठिपक्यांचा अर्थ काय? तो म्हणाला, "डिझाईन आहे साहेब." त्याचा यात काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रश्न असा आहे की ज्या अभियंत्याने ते काम तपासलं, मापं पुस्तकात नोंदवली आणि बिलाची शिफारस केली, त्याला माहीत होतं का?

फूटपाथचीही मापं ठरलेली आहेत. चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि जिथे रस्ता ओलांडायचा तिथे कड उतरती. आपल्याकडे दर थोड्या वर्षांनी रस्ता नवा होतो, वर थर चढतो, मग फूटपाथ उंच होतो, मग पायरी करतात. दुचाकी चढू नयेत म्हणून खांब ठोकतात, ते इतके जवळ जवळ की व्हीलचेअर आत शिरत नाही आणि दुचाकी मात्र बाजूच्या दुकानाच्या उतारावरून चढतेच. मुंबईत अशाच खांबांबद्दल व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणाने हायकोर्टाला कळवलं आणि २०२३ मध्ये कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. मे २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याचा हक्क आहे, आणि तो दिव्यांगांनाही वापरता आला पाहिजे. कोर्टाने सांगितलं, कायद्याने सांगितलं. आता डीपी बॉक्सला कोण सांगणार?

पुढे स्टेशन. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यात येऊन थांबली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण त्याच मार्गावर आज व्हीलचेअरवरच्या माणसाने एकट्याने लोकल पकडून दाखवावी. लिफ्ट आल्या, सरकते जिने आले, हे चांगलं झालं आणि ते मान्य करायला हवं. पण लिफ्टपर्यंत पोचायला रिक्षांची रांग, फेरीवाले आणि दोन पायऱ्या. लिफ्टमधून फलाटावर उतरल्यावर दिव्यांगांचा डबा येतो त्या जागेपर्यंत गर्दीतून जायचं. डबा ओळखता यावा म्हणून अंध प्रवाशांसाठी बीप वाजते, ही खरंच चांगली सोय आहे. पण दार उघडं असून आत शिरायला जागा नसते. त्या डब्यात दिव्यांगांबरोबर कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर महिला यांनाही मुभा आहे. बाकीचे जे आत असतात त्यांच्यासाठी रेल्वे कायद्याचं कलम १५५ आहे, ५०० रुपयांपर्यंत दंड. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीत तो दंड करायला आधी डब्यात शिरावं लागेल, हाही प्रश्नच आहे.

या मार्गाबद्दल एक गोष्ट आपण बोलत नाही, ती बोलू. हीच रेल्वे माणसांना अपंग करते. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडले, माणसं दगावली, काही जखमी झाली. तेव्हा चार दिवस चर्चा झाली. ज्यांचा जीव वाचतो पण हात किंवा पाय जातो, त्यांची बातमी एका कॉलमची असते आणि पुढे त्यांचं काय झालं ही बातमी नसतेच. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात फलाट आणि गाडीतल्या फटीमुळे गेले, तेव्हा कुठे हायकोर्टाच्या दट्ट्यानंतर फलाटांची उंची वाढवायचं काम जोरात सुरू झालं. रेल्वे अपघातात स्वतःचे दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, म्हणून स्टेशनांवर अपघातग्रस्तांसाठी रुग्णवाहिका आणि उपचाराच्या सोयी आल्या. म्हणजे आपल्याला आज ज्या सोयी दिसतात, त्यामागे कुणाचं तरी शरीर खर्ची पडलेलं आहे. पुढच्या सोयीसाठी पुन्हा तशी वाट बघायची का?

आता मेट्रोचे खांब आपल्या डोक्यावर उभे आहेत. ठाण्यातून मेट्रो ४, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५. मेट्रो स्टेशनात लिफ्ट असणार, गाडी आणि फलाट एका पातळीत असणार. छानच. पण स्टेशनच्या लिफ्टपासून आपल्या घराच्या दारापर्यंतचा फूटपाथ मेट्रो बांधणार नाही. तो महापालिकेचा. तिथे तुटलं तर वरचे कोट्यवधी रुपये त्या माणसासाठी शून्य.

कार्यालयांचं काय सांगू? माझा डिप्लोमाच्या वेळचा एक वर्गमित्र, कुबड्या घेऊन चालतो. त्याच्याबरोबर एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. काम दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तिथला कारकून भला माणूस. तो स्वतः रजिस्टर घेऊन खाली आला, पार्किंगमध्ये गाडीच्या बोनेटवर ठेवून सही घेतली. मी मित्राला म्हटलं, चांगला भेटला रे. तो म्हणाला, "चांगला भेटला म्हणून आज काम झालं. उद्या त्याची बदली झाली की?" ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी या कार्यकर्तीने हीच गोष्ट देशासमोर आणली होती. मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत, आणि नवरीला उचलून जिन्याने वर न्यावं लागलं, स्वतःच्या लग्नाला. खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी तेव्हा माफी मागितली. विरालीताईंना माफी मिळाली कारण त्यांची गोष्ट देशभर गेली. ज्यांची जात नाही ते परत घरी जातात.

आणि सगळं अपंगत्व दिसतं असंही नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. स्वमग्नता, थॅलेसेमिया, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती, सगळे त्यात आले. ऐकू न येणारी एक ताई मला सांगत होती (लिहून सांगत होती) की दवाखान्यात तिचं नाव तीनदा पुकारलं आणि नंबर गेला. दुसऱ्या वेळी ती पुढच्या पेशंटच्या तोंडाकडे टक लावून बसली, तर लोकांना वाटलं बाई विचित्र आहे. यावर उपाय किती खर्चाचा? केस पेपरच्या नंबरचा एक दिव्यांचा बोर्ड. आपल्याकडच्या पोळी-भाजी केंद्रातही तो असतो.

शाळेचं उदाहरण देतो, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. एका शाळेत कुबड्या घेणारी मुलगी सातवीपर्यंत तळमजल्यावर शिकली. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. आई रोज उचलून न्यायची. आईची कंबर गेली आणि मुलीची शाळा सुटायची वेळ आली. पालकसभेत रॅम्प, लिफ्ट, निधी अशी तासभर चर्चा. शेवटी एक शिपाईमामा म्हणाले, "आठवी 'अ' खाली आणा आणि पाचवी 'ब' वर न्या की." झालं. एक रुपया लागला नाही. आज ती मुलगी कॉलेजात आहे. प्रत्येक गोष्टीला निधी लागतो असं नाही. कुणाला तरी ते सुचावं लागतं, आणि सुचायला ती व्यक्ती समोर असावी लागते.

ती समोर नसते, हीच तर अडचण. मी हा विषय काढला की हमखास ऐकू येतं, "पण असे लोक आहेत किती? दिसत तर नाहीत." २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या साधारण २.६४ टक्के. तेच प्रमाण ठाणे महापालिकेच्या तेव्हाच्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीच्या १२ लाख ४७ हजार लोकसंख्येला लावून बघा. दोन्ही मिळून ८० हजारांच्या वर माणसं होतात. वानखेडे स्टेडियम दोनदा भरून वर उरतील एवढी. आणि हा आकडा जुना आहे, तेव्हाचे प्रकारही कमी होते. ही माणसं दिसत नाहीत कारण ती तळमजल्यावरच्या पाच पायऱ्यांच्या आत आहेत. दिसत नाहीत म्हणून सोय नाही, सोय नाही म्हणून दिसत नाहीत. १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू करणारी डोंबिवली ही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अख्खं गाव लोटतं. त्या गर्दीत तुम्ही किती व्हीलचेअर पाहिल्या, आठवून सांगा.

पैसा नाही असंही म्हणता येत नाही. महापालिकांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असं शासनाचं धोरण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तर राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. पण निधी म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते अर्थसाहाय्य आणि साहित्य वाटप. अर्थसाहाय्य बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. काकांसारख्यांच्या घरात ते लागतंच. पण एक लक्षात घ्या, फूटपाथ, शाळा, दवाखाना, बसथांबा या सगळ्यांवर तर शहराचं उरलेलं ९५ टक्के बजेट खर्च होतं. ते बजेट जर नवीन पायऱ्या, नवीन खांब आणि खांबावर आपटणाऱ्या लाद्या बांधत राहिलं, तर ५ टक्क्यांनी काय भरून निघणार? एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने पायरी बांधायची, असं चाललंय. तो वर्गमित्र म्हणतो तसं, "अपंगचं विकलांग झालं, विकलांगचं दिव्यांग झालं, पायरी तेवढी तिथेच आहे."

म्हणून माझी मागणी एकच आहे, आणि ती मी ठाण्यातल्या, कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीपुढे आणि अधिकाऱ्यापुढे ठेवतोय. रस्ता, फूटपाथ, उद्यान, शाळा, दवाखाना, बसथांबा, कुठलंही काम पूर्ण झालं की ठेकेदाराचं अंतिम बिल काढण्याआधी त्या कामावर एक फेरी मारा. एक व्हीलचेअरवरची व्यक्ती, एक पांढरी काठी वापरणारी व्यक्ती, आणि बरोबर अभियंता. ते एकट्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचले तर बिलाच्या फाईलवर त्यांची सही घ्या. नाही पोचले तर ठेकेदार आधी दुरुस्त करेल, मग पैसे. हे सक्तीने निविदेच्या अटींतच टाका. नवीन समिती नको, अहवाल नको, अभ्यासदौरा तर नकोच. ज्या दिवशी पहिलं बिल अडेल, त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक मुकादमाला ठिपक्यांचा अर्थ कळेल.

कुणी म्हणेल, जुन्या शहरात जागाच नाही, तीस फुटांचे रॅम्प कुठे बसवायचे? खरं आहे. सगळीकडे बसणार नाहीत. तिथे घडीचा रॅम्प चालतो, कार्यालयाचं काउंटर तळमजल्यावर आणता येतं, आठवी 'अ' खाली येऊ शकते. पण आज आपल्याकडे गल्लोगल्ली जुन्या बिल्डिंगी पाडून टॉवर उभे राहतायत. ही संधी पन्नास वर्षांत एकदाच येते. तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल तर बिल्डरबरोबरच्या मीटिंगमध्ये कार्पेट, पार्किंग, कॉर्पस यांच्याबरोबर एक प्रश्न विचारा : रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नाही ना? नकाशावर दाखवा. ताबा घेतल्यावर विचारून उपयोग नाही. आणि हा प्रश्न फक्त दुसऱ्या कुणासाठी नाही. आपण सगळे म्हातारे होणार आहोत, गुडघे सगळ्यांनाच आहेत.

आता तुमचं काम. घरात मोजपट्टी असेलच. या रविवारी आपल्या वॉर्डातली एक जागा निवडा, शाळा, दवाखाना, वॉर्ड ऑफिस, बसथांबा, काहीही. उंची मोजा, उतार मोजा, फोटो काढा. उंचीला बाराने गुणा, तेवढा उतार आहे का बघा. मापं आणि ठिकाण इथे खाली लिहा, फोटोत कुणाचा चेहरा येणार नाही एवढं पाहा. मी ती सगळी वॉर्डवार लावून दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांना लेखी देणार आहे, आणि त्यांचं उत्तर येईल ते, किंवा येणार नाही तेही, इथेच टाकणार आहे. पहिलं माप माझ्याकडून लिहून घ्या : डोंबिवली, जुनी बिल्डिंग, पायऱ्या पाच, उंची तीस इंच, आत अडकलेला कारागीर एक.